एका खोलीतले दोन कान : हेडफोन, स्पीकर आणि एकत्र ऐकण्याचा इतिहास

१/
दूरचित्रवाणी संचाला हेडफोनची पिन जोडली की स्पीकर गप्प का होतो? प्रश्न किरकोळ वाटतो. त्याचे उत्तर मात्र एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रांत दडलेले आहे, आणि त्याची किंमत आज कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना रोज संध्याकाळी मोजावी लागते. संगमनेरच्या शाहिरी फडापासून ब्लूटूथपर्यंत पोहोचणारा, ‘एकत्र ऐकण्या’चा हा इतिहास.

२/
प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरातील कोणतेही घर डोळ्यांसमोर आणावे. दिवेलागण झाली आहे, मालिका सुरू आहे. आजीला ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला, तर नातवाचा अभ्यास मोडतो आणि शेजारी दार वाजवतात. आजीला हेडफोन दिला, तर बाकी घरासाठी पडदा मुका होतो. म्हणून शेवटी आजी नुसती चित्रे पाहत बसते. हा तिसरा पर्याय कोणी निवडत नाही. तो आपोआप घडतो.

३/
याच संगमनेरात १७४४ साली अनंत फंदी जन्मले. मूळ आडनाव घोलप. उत्तर पेशवाईतील नामांकित शाहीर. लावणी, पोवाडा आणि फटका या तिन्ही प्रकारांत त्यांचे नाव घेतले जाते. तमाशाच्या बोर्डावरून ते पुढे कीर्तनाकडे वळले, आणि या वळणामागे अहिल्यादेवी होळकरांचा उपदेश होता, अशी आख्यायिका आहे. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

४/
फंदींच्या काळात शेकडो माणसे ऐकत, तीही कोणत्याही यंत्राशिवाय. डफ, तुणतुणे, ढोलकी, शाहिराचा कमावलेला गळा आणि पालुपद उचलून धरणारे साथीदार एवढीच ध्वनिव्यवस्था. पालुपदाच्या पुनरुक्तीमुळे एकदा हुकलेली ओळ पुन्हा कानी पडे. ज्याला कमी ऐकू येई, तो पुढे सरकून बसे. कीर्तनातही वडीलधाऱ्यांची जागा पुढेच असे.

५/
या पुढे सरकण्यात भौतिकशास्त्र आहे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणजे मैदानात आवाज एकच असला, तरी प्रत्येकाला आपापल्या कानाच्या कुवतीप्रमाणे अंतर निवडता येत होते. एकाच्या सोयीने दुसऱ्याची गैरसोय होत नव्हती. पुढील दोनशे वर्षांत यंत्रांनी खूप काही दिले. ही मुभा मात्र हळूहळू काढून घेतली.

६/
आवाज तारेत शिरला तो १८७६ मध्ये. ७ मार्च रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. बेल पेशाने कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला कमी ऐकू येत असे. पत्नी मेबल बालपणीच्या आजारात श्रवणशक्ती गमावून बसली होती. आवाज मोजण्याचे ‘डेसिबल’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले. ऐकू न येणाऱ्यांच्या सहवासात घडलेल्या या माणसाच्या यंत्रानेच पुढे ऐकण्याचे सारे नियम बदलले.

७/
१८७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक टेलिफोन केंद्र सुरू झाले. १८८२ मध्ये मुंबईतही केंद्र आले. केंद्रात एक मोठा फळा असे. प्रत्येक ग्राहकासाठी त्यावर एक खाच आणि चालकाच्या हाती दोरीला जोडलेली पिन. आज हेडफोनची जी गोल, पट्टेदार पिन सर्वांना ठाऊक आहे, तिची पूर्वज हीच. ती खेळण्यासाठी वा संगीतासाठी जन्मली नव्हती. दोन माणसांना एका तारेवर आणण्यासाठी जन्मली होती.

८/
या खाचेत एक चतुराई होती. ग्राहकाची हाक आली की फळ्यावरचे दर्शक झाकण पडे. चालकाने पिन आत सारली की खाचेतील लवचीक पट्टी उचलली जाई आणि दर्शकाकडे जाणारा मार्ग तुटे. कारण हाक ऐकली गेली होती; आता त्या दर्शकाची गरज नव्हती. पिन आत गेली की आधीचा रस्ता बंद, हा नियम येथे धातूत कोरला गेला.

९/
पुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांनी ही खाच जशीच्या तशी उचलली. फरक एवढाच, की दर्शकाच्या जागी आता स्पीकर आला. पिन आत सरकते, पट्टी उचलली जाते, स्पीकरचा मार्ग तुटतो. नव्या संचांत पट्टीऐवजी संगणकीय आज्ञा हे काम करते, पण गृहीतक जुनेच आहे : हेडफोन लावणारा माणूस एकटा आहे आणि खोलीत दुसरे कोणी ऐकणारे नाही.

१०/
वास्तविक हेडफोनचा आरंभ असा एकलकोंडा नव्हता. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडले. दूरच्या दालनात प्रेक्षक दोन्ही कानांना एकेक श्रवणी लावून गायन ऐकत. रंगगृहातील प्रेक्षकांना त्याच गायनात काहीच उणे पडत नव्हते. एकाच वेळी मोकळ्या हवेत आणि खासगी कानात, असे दुहेरी ऐकणे तेव्हाच सिद्ध झाले होते.

११/
१९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून संवेदनशील हेडफोन तयार केले. ग्राहक मिळाला तो अमेरिकी नौदल. बिनतारी संदेश अतिशय क्षीण असत. ते टिपणारा एकच प्रशिक्षित कान असे. म्हणजे हेडफोनचे पहिले मोठे काम चैनीचे नव्हते. जे साध्या कानाला ऐकू येत नाही, ते ऐकू आणण्याचेच ते काम होते.

१२/
२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्या काळी स्वस्तातला संच म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे आणि म्हणूनच त्यात स्पीकर हलवण्याचे बळही नसे. हेडफोन लावूनच ऐकावे लागे. घरात हेडफोन एक आणि उत्सुक कान अनेक, अशी ही पंचाईत होती.

१३/
त्यावर जगभरच्या घरांनी एक गमतीदार तोड काढली होती. हेडफोन एखाद्या खोलगट भांड्यात ठेवायचा आणि सर्वांनी त्याभोवती डोकी एकत्र आणायची. भांड्याच्या आकारामुळे तो किणकिणता आवाज थोडा एकवटून वर येई. एकट्यासाठी बनलेल्या वस्तूला लोकांनी स्वयंपाकघरातील भांड्याच्या आधाराने सामुदायिक केले. माणसांना एकत्र ऐकायचे असते, याचा याहून साधा पुरावा नाही.

१४/
भांड्याची जागा स्पीकरने घेतली. १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी कर्णा जोडलेल्या यंत्रातून आवाज दूरवर पोहोचवून दाखवला. १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि हलती तारगुंडी यांवर आधारलेला स्पीकर मांडला. शंभर वर्षे लोटली, तरी आजच्या बहुतेक स्पीकरांचा गाभा तोच आहे. आता आवाज पुन्हा सर्वांचा झाला. पण तो सर्वांसाठी एकाच मापाचा झाला.

१५/
संगमनेर ज्या जिल्ह्यात आहे, त्या तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, जागतिक नभोवाणीच्या इतिहासात एक महत्त्वाचा अध्याय आहे. तो फारसा सांगितला जात नाही. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. तीन वर्षांच्या आत या केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग हाती घेतला : ‘रेडिओ शेतकरी मंडळ’.

१६/
फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे. सुमारे दीडशे गावे. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ, एक अध्यक्ष, एक संयोजक आणि एक रेडिओ संच. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम. कॅनडात १९४१ पासून चाललेल्या अशाच मंडळांचा आदर्श समोर होता.

१७/
या प्रयोगाचे मर्म रेडिओत नव्हते. रेडिओ बंद झाल्यावर जे घडे, त्यात होते. कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. बियाणे, खत, पीकरोग, जे कानी पडले त्यावर चर्चा होई. मतभेद होत, शंका निघत. संयोजक त्या शंका पुणे केंद्राला कळवी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे हे सूत्र होते.

१८/
मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली गेली; त्यांत काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथूर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्या नावे १९५९ मध्ये युनेस्कोने हा अहवाल प्रसिद्ध केला. निष्कर्ष स्पष्ट होता : मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले, नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अल्प होती.

१९/
या निष्कर्षाचा अर्थ शेतीपुरता नाही. आवाज कानापर्यंत पोहोचणे ही अर्धीच गोष्ट. जे ऐकले त्यावर त्याच क्षणी शेजारच्याशी बोलता येणे, ही उरलेली अर्धी. आजीला वेगळ्या खोलीत वेगळा संच दिला, किंवा कान झाकणारा हेडफोन देऊन बाकीचा स्पीकर बंद केला, तर तिला रेडिओ मिळतो, पण मंडळ मिळत नाही. प्रश्न केवळ आवाजाचा असता, तर तो केव्हाच सुटला असता.

२०/
भारतात दूरचित्रवाणीचा आरंभही सामुदायिकच होता. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेही युनेस्कोच्या मदतीने. संच घरोघरी नव्हते. परिसरातील लोक ‘टेलिक्लब’मध्ये जमून पाहत आणि चर्चा करत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. पुढे ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतकऱ्यांशी संवादाची ती रीत पडद्यावर चालू ठेवली.

२१/
दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात; डोंगर त्यांना अडवतो. मुंबई आणि प्रवरेचे खोरे यांच्यामध्ये १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईसह सह्याद्रीची भिंत उभी आहे. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. डोंगराआडच्या गावांना चित्र मिळू लागले ते या मार्गाने.

२२/
२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी एकेका संचासमोर अख्खी आळी जमू लागली. फंदींचा फड पुन्हा भरला, असेच म्हणावे. ज्याला कमी ऐकू येई, तो येथेही पुढे सरके. जे निसटले, ते शेजारी बसलेला माणूस सांगे. पुढे संच घरोघरी गेले, आळीचे घर झाले, घराची खोली झाली. ‘काय म्हणाला तो?’ असे विचारायला जवळ माणूसच उरला नाही.

२३/
याच काळात जगात हेडफोनचे खासगीपण पक्के झाले. १९५८ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला. गंमत अशी, की त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन खाचा होत्या आणि ऐकता ऐकता एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक स्वतंत्र कळही होती. एकट्याने ऐकणे असभ्य वाटेल, अशी निर्मात्यांना धास्ती होती. १९८१ च्या नव्या वॉकमनमधून ती सोय गेली. ती धास्ती अनाठायी ठरली होती.

२४/
आता कानाकडे वळावे. हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करताना गेओर्ग फॉन बेकेशी यांनी अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेचा अभ्यास केला. त्यासाठी १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या नलिकेच्या प्रवेशाजवळचा भाग उच्च स्वर टिपतो आणि आतले टोक खालचे स्वर टिपते, हे त्यांनी दाखवले. वाढत्या वयात बहुधा आधी झिजतो तो प्रवेशाजवळचा भाग.

२५/
परिणामी उच्च स्वर आधी हरवतात आणि त्यांच्यासोबत व्यंजने पुसट होतात. ‘साप’, ‘ताप’, ‘काप’, ‘चाप’ या चारही शब्दांत मागचा ‘आ’ ठणठणीत ऐकू येतो. शब्द वेगळा करणारे पहिले व्यंजन मात्र धूसर होते. ‘ऐकू येतं, पण समजत नाही,’ ही वृद्धांची तक्रार म्हणूनच अक्षरशः खरी असते. तिला हट्ट किंवा विसराळूपणा समजणे, हा ऐकणाऱ्यांचा दोष आहे.

२६/
आवाज वाढवून हा प्रश्न का सुटत नाही? एकतर स्वर आणि व्यंजने दोन्ही वाढतात. झाकोळ तसाच राहतो. दुसरे, अशा कानात मंद आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा वाढला की एकदम असह्य होतो. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारे आजोबा पुढच्याच क्षणी ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात, ते यामुळे. तिसरे, खोलीच्या भिंतींवरून परतणारा नाद, पंखा आणि भांड्यांचा आवाज शब्दांत मिसळतो. पातळ संचांचे लहान स्पीकर खाली वा मागे तोंड करून असतात, हे आणखी वेगळेच.

२७/
म्हणून हेडफोनचे खरे बळ मोठेपणात नसून जवळीकेत आहे. तो आवाजाचा उगम कानाशी आणतो. खोलीतला गोंधळ मध्ये येत नाही. पुढे सरकून बसण्याचेच हे यांत्रिक रूप. फक्त एक अट : आजी पुढे सरकली म्हणून मागच्यांना ऐकू येणे बंद होता कामा नये. टेलिफोन फळ्यावरून आलेली ती पट्टी नेमकी हीच अट मोडते.

२८/
या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी चुंबकीय वळशाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. सभागृहाभोवती तारेचा वळसा फिरवायचा. त्यातील बदलते चुंबकीय क्षेत्र श्रवणयंत्रातील बारीक तारगुंडी टिपते. सभागृहाचे स्पीकर आपल्या जागी चालूच राहतात. अनेक श्रवणयंत्रांवर ‘टी’ अशी खूण असते, ती याच सोयीची. तिच्या मालकाला मात्र ती क्वचितच समजावून सांगितली जाते.

२९/
घरगुती उपाय साधा आहे. हेडफोनच्या खाचेला हात न लावता संचाच्या दुसऱ्या ध्वनिमार्गातून, म्हणजे ऑडिओ आउट किंवा प्रकाशीय मार्गातून, आवाज घ्यायचा आणि तो बिनतारी हेडफोनच्या प्रेषकाला द्यायचा. असे केल्यास अनेक संचांत स्पीकर चालू राहतो. काही नव्या संचांच्या ध्वनी सेटिंगमध्ये दोन्ही एकत्र चालवण्याचा पर्यायच दिलेला असतो. नुसती खाच असेल, तर दोन तोंडांचा जोड लावून एकीकडे हेडफोन आणि दुसरीकडे स्वतःची वीज असलेला छोटा स्पीकर जोडता येतो.

३०/
दोन्हींचे आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणे हे यातले मुख्य सूत्र. घराला घराचा आवाज, आजीला आजीचा. हेडफोन कान पूर्ण न झाकणारा असावा, म्हणजे मालिकेसोबत घरातले बोलणेही पोहोचते. आणि या साऱ्याआधी कानांची तपासणी व्हावी. कधी कधी दोष केवळ साठलेल्या मळाचा निघतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी कोणता हेडफोन जुळेल, हे श्रवणतज्ज्ञांना विचारावे.

३१/
ब्लूटूथचा एक अडथळा समजून घेण्यासारखा आहे. १९४९ च्या सुमारास जर्मनीत हेल्मुट हास यांनी दाखवले, की एकच आवाज दोन ठिकाणांहून सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आला, तर मेंदू त्यांना एकच मानतो. अंतर बरेच वाढले की प्रतिध्वनी जाणवतो. साध्या ब्लूटूथमध्ये आवाजाला १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहून अधिक उशीर होतो. स्पीकर सोबत चालू असेल, तर प्रत्येक शब्द दोनदा येतो. अवरक्त किंवा साध्या रेडिओ लहरींवरील हेडफोनमध्ये हा त्रास सहसा नसतो.

३२/
२०२२ मध्ये ब्लूटूथच्या नियामक संघटनेने ‘ऑराकास्ट’ नावाची पद्धत जाहीर केली. यात एक संच आपला आवाज आसपासच्या कितीही हेडफोनांना आणि श्रवणयंत्रांना एकाच वेळी देऊ शकतो. प्रत्येकाने आपापला आवाज आपल्या कानापुरता ठरवायचा. जोडीचे नाते संपून पुन्हा प्रक्षेपण आले. १९२७ चे मुंबई केंद्र जे शहरासाठी करत होते, तेच आता एका खोलीत करता येण्याजोगे झाले आहे.

३३/
कायद्याची बाजूही पाहावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्यास ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ म्हटले आहे, त्यापुढे ‘कर्णबधिर’. याहून कमी ऱ्हास असलेली अगणित वृद्ध माणसे या व्याख्येत बसत नाहीत, प्रमाणपत्रास पात्र ठरत नाहीत आणि तरीही बातम्यांतले निम्मे शब्द गमावतात. कागदावर त्यांचे कान धडधाकट असतात.

३४/
संस्था आणि प्रसारमाध्यमे यांची वाटचालही नोंदवावी लागेल. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाने श्रवणविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सांकेतिक भाषेतील साप्ताहिक बातमीपत्र सुरू झाले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी उपशीर्षके आणि सांकेतिक भाषा यांची मानके जाहीर केली. मराठी मालिकेखाली मराठी अक्षरे उमटणे, ही सोय मात्र अजून सर्रास झालेली नाही.

३५/
नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. कीर्तन त्यानंतर येते. आधी ऐकणारा, मग सांगणारा. ज्या समाजाने ऐकण्याला इतका मान दिला, त्याच समाजात ‘बहिरा’ हे विनोदी नाटकातील हमखास हशाचे पात्रही झाले. ऐकू न येणारा माणूस चुकीचे उत्तर देतो, सगळे हसतात, आणि पुढच्या वेळी तो बोलतच नाही. हशा आणि मौन यांच्यामध्ये एका पिढीचे घरातले स्थान हरवते.

३६/
१९५६ च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यातील गावांत एका रेडिओभोवती माणसे गोल करून बसली होती. तेव्हा सिद्ध झालेली गोष्ट आजही तितकीच खरी आहे : ऐकणे पुरे होते ते त्यावर बोलल्यावर. हेडफोन आणि स्पीकर एकत्र चालू ठेवणे ही म्हणूनच केवळ तांत्रिक युक्ती नव्हे. तारेच्या फळ्यावर दीडशे वर्षांपूर्वी ठरलेला ‘एक पिन, एक माणूस’ हा नियम घरापुरता रद्द करणे आहे.

३७/
तो रद्द झाल्याची खूण अगदी साधी असते. मालिकेत काही घडते, आणि नातू काही बोलण्याआधी आजीच म्हणते, ‘हे असं होणार, मी कालच म्हटलं होतं.’ मग सून तिच्याशी वाद घालते. संगमनेरच्या त्या खोलीत आवाज दोन असतात, एक स्पीकरचा आणि एक कानाशी. मंडळ मात्र एकच असते.